भंडारा-खोबऱ्याची उधारी

माझ्या आत्याचे यजमान जेजुरीला गडाच्या पायथ्याशी भंडारा-खोबऱ्याचे दुकान चालवायचे. आम्ही भावंडे त्यांना मामाच म्हणायचो. सोमवती अमावस्येला पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नसायची आणि मामा गल्ल्यावर बसून, मान वर न करता, खोबऱ्याच्या वाट्या मोजून द्यायचे. धंद्याविषयी त्यांचे एक ठरलेले वाक्य होते : देव कुणाला पावो न पावो, खोबरे खपते.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन १९९८ मध्ये कॅनडाला गेला आणि ऑटावात फायबरच्या यंत्रणेचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत लागला. कंपनीचे नाव इथे नको. त्या गावात तेव्हा अशा लहान-मोठ्या बऱ्याच होत्या. २००० च्या मे महिन्यात दादा सुट्टीवर आला, तेव्हा अमेरिकेतला नॅस्डॅक निर्देशांक मार्चमधल्या शिखरावरून गडगडला होता. किराणा, खेळणी, कुत्र्या-मांजरांचे खाणे इंटरनेटवरून विकणाऱ्या कंपन्यांचे दिवाळे वाजायची चिन्हे होती. मी जरा काळजीने विचारले, तर दादा हसला.

"अरे, ते सगळे भक्त. आम्ही खोबरेवाले! कोण तरतो, कोण बुडतो, आम्हांला काय त्याचे? जो येईल त्याला फायबर लागणार, लेझर लागणार. जाणार कुठे?"

मामांनी हे ऐकून मान डोलावली. पुढच्याच आठवड्यात सासवडच्या एका सब-ब्रोकरमार्फत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शेअर घेतले. टेलिकॉमची यंत्रे बनवणाऱ्या एका भारतीय कंपनीचे. त्या वर्षीचा सोमवतीचा गल्ला त्यात गेला.

डॉटकॉमच्या फुग्यात जे फसले त्यांना आपण आजही हसतो. मला कुतूहल आहे ते दुसऱ्यांचे : ज्यांनी फुगा वेळेवर ओळखला, हवेतल्या कंपन्यांमधून पैसा काढला आणि काच, लेझर, स्विच अशा हाताला लागणाऱ्या वस्तू बनवणाऱ्यांमध्ये घातला. ही माणसे भोळी नव्हती. तंत्रज्ञानाचा त्यांचा अंदाज तर अक्षरशः खरा ठरला. आज तुम्ही मोबाइलवर जो व्हिडिओ बघता तो त्याच काचेतून येतो. तरीही त्यांचे पैसे गेले. कसे गेले, ते समजून घ्यायला ती वस्तू आधी जवळून बघायला हवी.

०

मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीसमोर पाण्याची लाइन टाकताना जेसीबीचा दात लागून फायबरची केबल तुटली. रात्री अकराच्या सुमाराला मोटारसायकलवरून दोन पोरे आली, दोघेही बीड जिल्ह्यातले. एकाने फूटपाथवर गोणपाट अंथरले, दुसऱ्याने वर छत्री धरली. केबल सोलली की आत नळ्या आणि नळ्यांमध्ये केसासारखे रंगीत धागे : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा. रंगांचा हा क्रम त्यांना पाढ्यासारखा पाठ. स्ट्रिपरने रंगीत लेप ओढून काढला की उरते ती १२५ मायक्रॉन जाडीची उघडी काच. प्रकाश धावतो तो तिच्यातला गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. स्पिरिटच्या बोळ्याने पुसताना 'चिक्' असा बारीक आवाज आला. "आवाज आला म्हणजे साफ झाली, काका." मग क्लीव्हरवर टोक सरळ तोडले, तुटलेला काटा चिकटपट्टीला लावून बाजूला ठेवला, कारण पायात घुसला तर सापडत नाही. स्प्लायसिंग मशीनच्या पेटीत दोन टोके समोरासमोर ठेवली. छोट्या पडद्यावर ती पाण्याच्या पाइपाएवढी दिसतात. मशीनने ती आपली आपण एका रेषेत आणली, बारीकशी ठिणगी पडली आणि दोन काचा वितळून एक झाल्या. पडद्यावर आकडा उमटला : ०.०२.

"लॉस पॉइंट झीरो टू. पास!" पोरगा म्हणाला आणि पुढचा धागा घेतला, नारिंगी. असे चोवीस धागे त्याने जोडले. पहाटे तीनला नेट आले.

हा धागा काढायची रीत आपल्या स्वयंपाकघरातलीच. अतिशुद्ध काचेचा दांडा उंच मनोऱ्यात टांगून दोन हजार अंशांच्या आसपास तापवायचा आणि एकतारी पाकासारखी त्याची तार ओढायची. अमेरिकेतल्या कॉर्निंग या जुन्या काच कारखान्यात रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी १९७० मध्ये, लांबवर संदेश नेता येईल इतकी स्वच्छ काच पहिल्यांदा करून दाखवली.

पण काच एकदा पुरली की पुरली. खरा पैसा असतो तिच्या दोन टोकांना. एका टोकाला लेझर, दुसऱ्या टोकाला प्रकाश वाचणारे यंत्र, अधूनमधून थकलेल्या प्रकाशाला जोर देणारे अँप्लिफायर. नव्वदच्या दशकात या टोकांवर एक युक्ती साधली. एकाच धाग्यात वेगवेगळ्या रंगांचे, म्हणजे तरंगलांबीचे, लेझर एकदम सोडायचे. प्रत्येक रंग स्वतःचा वेगळा रस्ता. १९९६ मध्ये सिएना कंपनीचे यंत्र एका धाग्यात १६ रंग घालायचे, प्रत्येकावर सेकंदाला अडीच गिगाबिट, एकूण ४० गिगाबिट. २००० च्या सुमाराला कॅनडाची नॉर्टेल कंपनी जे यंत्र विकायला काढत होती त्याची क्षमता १६० रंग, प्रत्येकावर दहा गिगाबिट, एकूण १,६०० गिगाबिट. म्हणजे चार वर्षांत चाळीसपट, तेही रस्ता न खोदता, फक्त टोकांवरची पेटी बदलून.

हा चाळीसचा आकडा लक्षात असू द्या.

०

त्या काळी बाजारात एक मंत्र फिरत होता : इंटरनेटवरची वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते. वर्ल्डकॉमच्या यूयूनेट या उपकंपनीच्या लोकांकडून तो निघाला, एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या अहवालातही शिरला आणि मग जो तो तेच म्हणू लागला. शंभर दिवसांत दुप्पट म्हणजे वर्षात साडेबारापट. या हिशेबाने कितीही खोदले तरी कमीच.

एटी अँड टीच्या प्रयोगशाळेतले गणिती अँड्र्यू ओड्लिझ्को आणि त्यांचे सहकारी केरी कॉफमन यांनी १९९८ मध्येच हा हिशेब तपासून पाहिला. त्यांना दिसले की तो वेग १९९५-९६ मध्ये थोडाच काळ होता. त्यानंतर वाहतूक साधारण वर्षाला दुप्पट होत होती. वर्षाला दुप्पट ही वाढही अफाटच. पण चार वर्षांत ती होते सोळापट, आणि पेटीची ताकद वाढली होती चाळीसपट. जो माल दरवर्षी आपल्याच गिऱ्हाइकाची गरज कमी करत जातो, तो विकणाऱ्याने दुकान वाढवताना जरा दम खायला नको का? शोधनिबंध उपलब्ध होता. वाचायला कुणाला वेळ होता?

खोदकाम तर जोरात सुरू होते. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने अमेरिकेत कुणालाही कुणाच्याही धंद्यात उतरायची मोकळीक दिली. क्वेस्टने रेल्वेमार्गांच्या कडेने केबल पुरली, विल्यम्सने गॅसच्या निकामी पाइपलाइनींमधून ओढली, लेव्हल थ्रीने पुढे लागतील म्हणून जादा रिकामे पाइप टाकून ठेवले, ग्लोबल क्रॉसिंग समुद्राच्या तळाशी गेली. सगळ्यांची बोली जवळपास त्याच शहरांमधल्या त्याच गिऱ्हाइकांवर, आणि बहुतेक पैसा कर्जरोख्यांचा. पुढे फुगा फुटल्यावर अंदाज केले गेले तेव्हा असे दिसले की पुरलेल्या धाग्यांपैकी प्रकाश होता तो पाच टक्क्यांहूनही कमी धाग्यांत. उरलेल्या धाग्यांना त्या धंद्यात 'काळा फायबर' म्हणतात.

या वाहत्या गंगेत यंत्रवाल्यांनी हात धुतले नसते तरच नवल. कॅलिफोर्नियात पेटालूमा नावाचे गाव आहे, पूर्वी कोंबड्या-अंड्यांसाठी नावाजलेले. तिथल्या सेरेंट या कंपनीला सिस्कोने ऑगस्ट १९९९ मध्ये सुमारे ७ अब्ज डॉलरचे शेअर देऊन विकत घेतले. त्या वर्षीच्या पहिल्या सहामाहीत सेरेंटची विक्री होती सुमारे १ कोटी डॉलर. सेरेंटमागे उभे असलेले भांडवलदार विनोद खोसला, जन्माने पुण्याचे.

दुसरे नाव गुरुराज देशपांडे यांचे. जन्म १९५० चा, हुबळीचा. हुबळी तेव्हा मुंबई राज्यातच होती. मॅसॅच्युसेट्समधल्या त्यांच्या सिकॅमोर नेटवर्क्सचा शेअर ऑक्टोबर १९९९ मध्ये ३८ डॉलरला विक्रीला आला आणि पहिल्याच दिवशी १८४.७५ वर बंद झाला. जुलैत संपलेल्या वर्षातली कंपनीची विक्री सव्वा कोटी डॉलरही नव्हती आणि गिऱ्हाईक एकच, वर आलेली विल्यम्स. त्या संध्याकाळी कंपनीची किंमत झाली १४ अब्ज डॉलर. देशपांडे यांचा माणूस म्हणून आणि उद्योजक म्हणून लौकिक मोठा आहे, यात लबाडी काही नव्हती. माल चांगला होता. भाव वेडा होता.

मला सगळ्यांत बोलकी वाटते ती कॉर्व्हिसची तारीख. सिएना काढणारे डेव्हिड ह्यूबर यांचीच ही नवी कंपनी, मेरीलँडमधली. तिने बाजारातून एक अब्जाहून जास्त डॉलर उभे केले तेव्हा तिच्या वहीत विक्री जवळजवळ नव्हतीच. तारीख होती २८ जुलै २०००. म्हणजे नॅस्डॅकचे शिखर ओलांडून साडेचार महिने झाले होते, डॉटकॉमवाले रस्त्यावर यायला लागले होते. तिकडून निघालेला पैसा 'सुरक्षित' जागा शोधत इकडे आला होता. नॉर्टेलचा भाव टोकाला गेला तो त्याच जुलैत. कॉर्निंगचा त्यानंतर.

०

जेडीएस युनिफेज ही कंपनी या काळाची लाडकी लेक. ऑटावाची जेडीएस फिटेल आणि कॅलिफोर्नियातली युनिफेज यांचे १९९९ मध्ये लग्न लागले. जेडीएसचे एक संस्थापक जोझेफ स्ट्राउस १९६८ च्या रशियन आक्रमणानंतर चेकोस्लोव्हाकियातून कॅनडात आलेले भौतिकशास्त्रज्ञ, डोक्यावर कायम बेरेट टोपी. कंपनी बनवायची ते सुटे भाग : फिल्टर, लेझर, प्रकाश फोडणारे आणि जोडणारे तुकडे. नॉर्टेल, ल्युसेंट, सिएना, सगळे तिचे गिऱ्हाईक. म्हणजे खोबरेवाल्यांना खोबरे पुरवणारी. दादाच्या भाषेत याहून सुरक्षित जागा कुठली?

हे काम तेव्हा बरेचसे हाताने चालायचे. सूक्ष्मदर्शकाखाली धाग्याचे टोक लेझरसमोर धरायचे, उजेडाचा आकडा जास्तीत जास्त होईपर्यंत केसाच्या शतांशाने हलवायचे आणि डिंक लावून पक्के करायचे. मागणी दुप्पट झाली की माणसे दुप्पट. कंपनी इतकी माणसे भरत होती की शेवटी आकडा २९,००० च्या आसपास गेला. दादा सांगतो, त्यांच्या कंपनीत रात्रपाळीला माणूस मिळेना म्हणून ज्याने मित्र आणला त्याला बक्षीस असायचे.

आणि नुसती माणसे नव्हे, कंपन्याही. जेडीएस युनिफेजने ऑप्टिकल कोटिंग लॅबोरेटरी घेतली, ई-टेक डायनॅमिक्स घेतली आणि जुलै २००० मध्ये एसडीएल ही लेझर बनवणारी कंपनी घ्यायचे जाहीर केले. किंमत ४१ अब्ज डॉलर. रोख एक पैसाही नाही, सगळे आपले शेअर देऊन. स्वतःच्या चढलेल्या कागदाने दुसऱ्याचा चढलेला कागद घेतला. त्याच महिन्यात कंपनीचा समावेश एस अँड पी ५०० निर्देशांकात झाला, म्हणजे ज्यांनी आयुष्यात फायबर हा शब्द ऐकला नव्हता अशा पेन्शनरांच्या निर्देशांक-फंडांनाही तो शेअर घेणे भाग पडले. कॅनडात तर याहून अवघड. नॉर्टेल एकटी टोरोंटोच्या निर्देशांकाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग होऊन बसली होती. सावध माणसाने 'सगळ्या बाजारात थोडे थोडे' म्हणून शंभर डॉलर घातले, तरी तेहतीसहून अधिक एकाच दुकानात.

ताळेबंदाची एक खुबी इथे सांगायला हवी, कारण पुढचा स्फोट तिथेच झाला. समजा एखाद्या दुकानातला माल, फळ्या आणि जागा मिळून किंमत होते दोन लाख आणि तुम्ही ते घेतले पन्नास लाखांना. वरच्या अठ्ठेचाळीस लाखांना जमाखर्चात 'गुडविल' म्हणतात आणि ते मालमत्तेच्या रकान्यात बसते. पुढे त्या दुकानाची किंमत तेवढी नाही हे उघड झाले की ते पुसून तोट्यात टाकावे लागते. जेडीएस युनिफेजच्या मालमत्तेतला मोठा भाग हा असा होता.

०

आता उधारी.

मामांचे वाक्य खरे होते, कारण मामा रोखीने विकायचे. भक्ताने पन्नासची नोट काढली, खोबरे घेतले, विषय संपला. समजा मामांनीच भक्ताला पन्नास रुपये उसने दिले, त्याच पन्नासाचे खोबरे त्याला विकले आणि वहीत 'विक्री ५०' असे मांडले. वही छान दिसेल. मामा मात्र आता दुकानदार उरले नाहीत. भक्ताला देव पावण्यावर त्यांनी पैसे लावले आहेत.

यंत्रवाल्यांनी नेमके हेच केले आणि त्याला भारदस्त नाव दिले, व्हेंडर फायनान्सिंग. एटी अँड टीतून १९९६ मध्ये वेगळी झालेली, बेल लॅब्जचा वारसा सांगणारी ल्युसेंट यात आघाडीवर. सप्टेंबर २००० अखेर तिने गिऱ्हाइकांना कर्जे आणि हमीपोटी देऊ केलेली रक्कम ८.१ अब्ज डॉलर होती. त्यातल्या विनस्टार या एकट्या कंपनीशी २ अब्जांचा करार. ती एप्रिल २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. दहा गिगाबिटच्या यंत्रात नॉर्टेलने ल्युसेंटला मागे टाकले होते, तिमाहीची विक्री तर दाखवायलाच हवी. मग सवलती द्या, उधार द्या, पुढच्या तिमाहीचा माल या तिमाहीत ढकला. ऑक्टोबर २००० मध्ये प्रमुख रिचर्ड मॅकगिन यांना घरी पाठवले आणि नंतर कंपनीला त्या वर्षाच्या विक्रीतून ६७.९ कोटी डॉलर वजा करावे लागले.

आणखी एक गोम होती, ती मात्र मामा रोजच्या धंद्यात ओळखून होते. सोमवतीच्या आधी खोबऱ्याची टंचाई झाली की कच्चे दुकानदार तीन व्यापाऱ्यांना तेवढीच ऑर्डर देतात. कुणाकडून तरी येईल म्हणून. तिन्ही व्यापाऱ्यांना वाटते मागणी तिप्पट झाली. २००० मध्ये लेझरची टंचाई होती आणि यंत्रवाले हेच करत होते. टंचाई संपली त्या दिवशी सगळ्यांच्या ऑर्डरी एकदम रद्द. २००१ च्या वसंतात सिस्कोला २.२ अब्ज डॉलरचा पडून राहिलेला माल तोट्यात टाकावा लागला.

न्यूयॉर्कचे विश्लेषक काय करत होते? टेलिकॉमचे सर्वांत वजनदार विश्लेषक जॅक ग्रबमन यांना २००३ मध्ये दीड कोटी डॉलर भरावे लागले आणि या व्यवसायाची दारे त्यांना जन्मभरासाठी बंद झाली. त्यांच्याबद्दल याहून जास्त जागा खर्च करण्यात अर्थ नाही.

०

पडझड एका दिवसात झाली नाही. ऑक्टोबर २००० मध्ये नॉर्टेलने तिमाहीचे आकडे दिले. फायबरच्या यंत्रांची विक्री वर्षात ९० टक्के वाढली होती. बाजाराला वाटले होते त्याहून कमी, म्हणून शेअर पाव भागाने कोसळला. नव्वद टक्के वाढीने जिथे निराशा होते, त्या भावात आधीच किती भरलेले असेल! तरी १५ फेब्रुवारी २००१ पर्यंत कंपनी धीर देत राहिली. त्या दिवशी तिने वर्षभरातल्या वाढीचा अंदाज अर्ध्यावर आणला. दुसऱ्या दिवशी भाव जवळपास एक तृतीयांशाने खाली. यातला चटका असा की त्याच महिन्यात जेडीएस युनिफेजने आपला झुरिचचा लेझर कारखाना नॉर्टेलला विकला होता, आणि किंमत घेतली होती नॉर्टेलच्या शेअरांमध्ये.

२००१ च्या जूनमध्ये संपलेल्या वर्षात जेडीएस युनिफेजचा तोटा निघाला ५६.१ अब्ज डॉलर. अमेरिकेच्या इतिहासात तोवर एवढा वार्षिक तोटा कुणाला झाला नव्हता. विक्री होती ३.२ अब्ज. त्याच मार्चअखेर भारत सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्याकडची परकीय चलनाची गंगाजळी ४२ अब्ज डॉलर होती. एका कंपनीने त्याहून जास्त एका वर्षात पुसले. पुसला तो अर्थात कागद, पण त्या कागदाच्या बदल्यात लोकांनी आपले शेअर खरेच दिले होते. शिखरावर १५३ डॉलरला असलेला शेअर २००२ मध्ये तीन डॉलरच्याही खाली होता. कॉर्निंग ११३ वरून १.१० वर. नॉर्टेल १२४ कॅनेडियन डॉलरवरून ४७ सेंटवर. २००९ च्या जानेवारीत तिने दिवाळखोरीचा अर्ज दिला. सिकॅमोर बिचारी हळूहळू विरली. बाजार टोकाला असताना उभा केलेला पैसा तिने बँकेत जपून ठेवला होता, तो २०१३ पर्यंत भागधारकांना वाटून दुकान आवरले. या सगळ्यांत प्रामाणिकपणे परत मिळालेला पैसा तेवढाच म्हणायचा.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हिक्टोरिया शहरात तर उरफाटा प्रकार झाला. एसडीएलच्या तिथल्या कारखान्यातल्या कामगारांनी कर्मचारी योजनेत स्वस्तात शेअर घेतले होते. घेतले त्या दिवशीचा बाजारभाव आणि यांनी दिलेली किंमत यांतला फरक हे उत्पन्न, असे कर खात्याने धरले. भाव पडला, उत्पन्न हवेत गेले, कर राहिला. हातात न आलेल्या पैशावरचा कर भरायला काहींना घरे गहाण टाकावी लागली. सरकारने त्यातल्या काहींना सूट दिली ती २००७ मध्ये.

दादाची नोकरी २००१ च्या उन्हाळ्यात गेली. त्यानेही शेअर विकले नव्हते. ऑटावात तेव्हा फायबरचे पीएचडी झालेले लोक टॅक्सी चालवतात असा विनोद होता. दादाने वर्षभर एका शाळेत बदली शिक्षकाचे काम केले, तो विनोद त्याला कधी आवडला नाही.

०

दलाल स्ट्रीटवर याच काळात 'आइस' नावाचे खूळ होते : इन्फर्मेशन, कम्युनिकेशन, एंटरटेन्मेंट. शेअर दलाल केतन पारेखच्या हातातल्या 'के-टेन' शेअरांमध्ये टेलिकॉमची यंत्रे बनवणारी हिमाचल फ्युचरिस्टिक होती, ग्लोबल टेलिसिस्टिम्स होती. बदल्याचा व्यवहार चालू होता, म्हणजे उधारीवरच उड्या. ३० मार्च २००१ ला पारेखला अटक झाली, जुलैत बदला बंद झाला. मामांच्या शेअरांचे काय झाले ते विचारायची सोय नव्हती. होल्डिंगचा कागद त्यांनी दुकानात खंडोबाच्या तसबिरीमागे खोचून ठेवला होता, तो त्यांच्या पश्चात सापडला.

आपल्याकडे खरी काच ओढणारा कारखाना होता औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला. स्टरलाइटने वाळूजमध्ये नव्वदच्या दशकात हा उद्योग उभा केला आणि २००० मध्ये त्याची स्टरलाइट ऑप्टिकल टेक्नॉलॉजीज ही वेगळी कंपनी झाली. मुहूर्त याहून वाईट निवडता आला नसता. जगभर धाग्याचा भाव कोसळला त्याची झळ मराठवाड्यातल्या त्या भट्टीलाही लागली. कंपनी तगली, आजही तिथे काच ओढली जाते.

मग या सगळ्यात कमावले कुणी? ज्यांनी उशिरा येऊन भंगाराच्या भावात घेतले त्यांनी. टायकोने अब्जावधी डॉलर ओतून समुद्राखाली ६०,००० किलोमीटरचे जाळे विणले होते. मुंबईच्या व्हीएसएनएलने, म्हणजे टाटांनी, ते २००४ मध्ये करार करून १३ कोटी डॉलरला घेतले. फ्लॅग टेलिकॉम दिवाळखोरीतून बाहेर पडली आणि रिलायन्सने ती सुमारे २१ कोटी डॉलरला उचलली. समुद्रापलीकडची लाइन स्वस्त झाली, आणि हिंजवडीतल्या पोरांच्या अमेरिकी शिफ्टला आणि आपल्या फुकट वाटणाऱ्या व्हिडिओ कॉलला तिचा हातभार लागला. ऑटावाच्या आणि न्यू जर्सीच्या भागधारकांनी आपल्यासाठी केलेले हे दान आहे, कुणी पाटी लावलेली नाही एवढेच.

गेल्या वर्षी मी ऑटावाला गेलो तेव्हा दादाने गाडीतून दोन जागा दाखवल्या. कार्लिंग अव्हेन्यूवरचा नॉर्टेलचा विस्तीर्ण कॅम्पस : तिथे आता कॅनडाचे संरक्षण खाते बसते. शहराच्या दक्षिणेला जेडीएसच्या काचेच्या इमारती : तिथे देशाच्या पोलिसांचे मुख्यालय आहे. "दोन्ही ठिकाणी आता फोटो काढायला बंदी," दादा म्हणाला आणि गाडी पुढे काढली.

मागच्या सीटवर त्याचा मुलगा होता, तेवीस वर्षांचा. त्याने मला मोबाइलवर कॉर्निंगचा आणि ल्युमेंटमचा आलेख दाखवला. ल्युमेंटम म्हणजे जेडीएस युनिफेजचीच २०१५ मध्ये वेगळी काढलेली शाखा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरमध्ये यंत्रे एकमेकांना जोडायला तिचे लेझर लागतात. "काका, एआयमध्ये जिंकणार कोण ते सोडून द्या. केबल तर सगळ्यांनाच लागणार ना?" दादाने आरशातून माझ्याकडे पाहिले, काही बोलला नाही.

पोरगा चुकीचे बोलत नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये मेटाने कॉर्निंगशी ६ अब्ज डॉलरपर्यंतचा केबलचा करार केला. या वेळचे बडे गिऱ्हाईक त्या वेळच्या विल्यम्स-विनस्टारसारखे नुसते कर्जावर उभे नाहीत, त्यांच्याकडे स्वतःचा नफा आहे. हा फरक मोठा आहे आणि तो मान्य करायला हवा. पण कर्जरोखे इथेही निघू लागले आहेत, आणि यंत्रवाल्यांनी गिऱ्हाइकातच पैसे घालायचे प्रकारही. २००० मध्ये आपल्याकडच्या सामान्य माणसाला अमेरिकेतला शेअर घ्यायची वाटच नव्हती. आज वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवायची मुभा आहे आणि मोबाइलवर चार बटणे दाबली की झाले. दाबण्याआधी कंपनीच्या वार्षिक अहवालात दोन गोष्टी बघा : गिऱ्हाइकांकडून येणे किती आहे आणि विक्रीपेक्षा ते वेगाने वाढते आहे का. मामांच्या वहीत ते शेवटच्या पानावर, तांबड्या शाईने असायचे.

आणि ज्यांना वाटते की कंपनी भक्कम असली म्हणजे झाले, त्यांच्यासाठी सिस्कोचे आकडे देतो. ती बुडाली नाही. २००० मध्ये तिची विक्री १८.९ अब्ज डॉलर होती, २०२५ मध्ये ५६.७ अब्ज. नफा २.७ अब्जांवरून १०.२ अब्जांवर गेला. २०११ पासून ती लाभांशही देते. २७ मार्च २००० ला तिचा शेअर ८०.०६ डॉलरवर बंद झाला होता. त्याच्या वर तो पहिल्यांदा बंद झाला १० डिसेंबर २०२५ ला, ८०.२५ वर.